हरिणीशी मराठीतून

वेलनेस वीकसाठी डीन कृष्णस्वामींनी पोतंभर पिवळे फुगे मागवले होते, पण हेमलताच्या खोलीला आतून कडी बसवायला त्यांना दोन वर्षं सवड झाली नव्हती. खोली म्हणजे तरी काय, खेळाच्या सामानाच्या कोठारातून प्लायवूड ठोकून वेगळा काढलेला तुकडा. पलीकडे कुणी चेंडू आपटला की इकडे रडणारं पोर दचकून गप्प व्हायचं. दारावर समुपदेशन केंद्राची पाटी होती आणि पाटीखाली हसऱ्या तोंडाचं स्टिकर. ते तिनं दोनदा नखांनी खरवडून काढलं होतं. दोन्ही वेळा कुणीतरी इमानेइतबारे नवं आणून चिकटवलं.

शोळिंगनल्लूरच्या पुढे, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचा संपतात तिथे हे खाजगी विद्यापीठ. आठ हजार मुलं आणि त्यांच्या मनाची काळजी घ्यायला एकटी हेमलता. मूळची कराडची. नवरा उपेंद्र मोटारींच्या कारखान्यात, त्याच्या नोकरीपायी चेन्नईत आली आणि वेलचेरीत बिऱ्हाड थाटलं. इतक्या वर्षांत तिचं तमिळ भाजीवाली, कामवाली आणि शेअर ऑटो यांच्यापुढे काही सरकलं नव्हतं. मुलांशी इंग्रजीत भागायचं. ज्यांचं इंग्रजीत भागत नव्हतं ती दुसऱ्यांदा यायचीच नाहीत, आणि ते तिला सलायचं.

म्हणूनच हरिणीचं प्रकरण आलं तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. हरिणी तिसऱ्या वर्षाला, संगणक शाखेत, आधीच्या सगळ्या परीक्षांत वरचे गुण. या सत्रात मात्र वर्गात यायची बंद झाली होती. हजेरी इतकी घसरली होती की परीक्षेला बसू देणार नाहीत, अख्खं वर्ष पाण्यात. एकच वाट होती. समुपदेशकानं लिहून द्यायचं की मुलगी आजारी आहे, आणि आईबापांपैकी एकानं डीनसमोर येऊन ते मान्य करायचं.

"तुमच्याच लोकांची आहे," कृष्णस्वामी म्हणाले होते. "मैलापूरचं तंजावरी मराठी घर. तुमच्या भाषेत बोला, दोन दिवसांत सुटेल."

हेमलतालाही तसंच वाटलं. मनातलं दुखणं मातृभाषेतच नीट बोलता येतं, असं तिला पुण्यात शिकवलं होतं आणि ते तिनं डोळे मिटून मानलं होतं. शिवाय मुलीचे वडील बालाजीराव तिच्या ओळखीचे होते. गणपतीत मराठी मंडळात त्यांनी भाषण केलं होतं, जुन्या वळणाच्या घरंदाज मराठीत. "साडेतीनशें वर्षें झालीं, आम्हीं आमची भाषा सोडिली नाहीं. आमच्या उंबऱ्याच्या आंत तमिळ येत नाहीं," असं ते म्हणाले तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं. हेमलतानंही हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या होत्या.

तर ती हरिणीशी मराठीतून बोलू लागली.

"ये गं बाळा, बैस. जेवलीस का?"

हरिणी ओढणी नीट करायची, दोन्ही पाय जुळवून ताठ बसायची. "जेवली, मॅम."

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत."

"आणि तू?"

"बरां आहे, मॅम."

"मग वर्गात का गं येत नाहीस?"

"येते, मॅम. पुढें येते."

झालं! एवढंच. दुसऱ्या भेटीला एवढंच, तिसऱ्या भेटीलाही एवढंच. हेमलतानं घरून शंकरपाळ्यांचा डबा आणला. हरिणीनं दोन शंकरपाळ्या खाल्ल्या, छान आहेत म्हणाली, हात पुसले आणि पुन्हा पाय जुळवून बसली. चेहरा असा की देवघरात आरतीला उभी आहे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मनगटं काटकीसारखी, आणि तोंडाने आपलं "बरां आहे." हेमलता डोकं आपटायची बाकी राहिली. आई विचारते तसं मी विचारतेय, मग या पोरीला आणखी काय हवंय? असं ती उपेंद्रला रोज रात्री जेवताना ऐकवायची आणि तो बिचारा कोशिंबिरीकडे बघत मान डोलवायचा.

डीनसाहेबांचं वेगळंच. ते भेटले की विचारायचे, "सुटलं का प्रकरण?" जसा काही तो चोंदलेला नळ होता. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा आणि लगेच फुग्यांची आठवण होऊन पुन्हा खुलायचा. वेलनेस वीकमध्ये हास्ययोग होता, रांगोळी होती, 'मी आनंदी आहे' अशी चौकट धरून फोटो काढायची सोय होती. हे सगळं जमवायचं कामही हेमलताच्याच गळ्यात. ती चौकटीचा रंग ठरवायला बैठकीत बसायची, तेव्हा खोलीबाहेर दोन-तीन पोरं ताटकळून निघून जायची. कोण होती, कशाला आली होती, कधी कळलंच नाही. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

सहा आठवडे असे गेले. शुक्रवारी बालाजीरावांना बोलावलं होतं, परीक्षेला बसू द्यायचं की नाही याचा निकाल त्याच दिवशी लागायचा होता. आणि बुधवारपर्यंत हेमलताच्या हाती दोन खाल्लेल्या शंकरपाळ्यांशिवाय काहीही नव्हतं.

बुधवारी हरिणी समोर बसली होती. हेमलता मनाशी शब्द जुळवत होती तोच खिडकीबाहेर कर्णा फुटला. "हॅलो, हॅलो! माइक टेस्टिंग! वन, टू, थ्री!" वेलनेस वीकचं स्टेज बरोबर तिच्या खिडकीला टेकून उभारलं होतं. पाठोपाठ कुठलंसं ढणढण गाणं सुरू झालं आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.

हेमलताचं टाळकंच सटकलं. ती तरातरा खिडकीशी गेली. बाहेर देखभाल विभागाचे नारायणस्वामी वायर हातात धरून उभे होते. त्यांना तिला सांगायचं होतं की इथे मुली मन मोकळं करायला येतात, या गोंगाटात ते कसं व्हायचं, कृपा करून स्टेज दुसरीकडे न्या. पण रागात तिला क्रियापदं सापडेनात. तिच्या तोंडून आलं ते एवढंच, "सत्तम! पोण्णु! तलैवली! पो!" म्हणजे, गोंगाट! मुलगी! डोकेदुखी! जा!

नारायणस्वामींनी घाबरून अख्खी वायरच उपटली. एकदम शांतता झाली.

आणि त्या शांततेत हरिणी हसली. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अय्यो मॅम," ती तमिळमधून म्हणाली, "असं बोलतात का? त्यांना वाटलं, डोकेदुखी मीच."

"मग कसं म्हणायचं?" हेमलतानं वैतागून विचारलं. अजून तिच्या कानशिलात ठोके पडत होते.

हरिणीनं सांगितलं. हेमलतानं म्हणून पाहिलं, चुकलं, हरिणीनं पुन्हा सांगितलं. आणि मग ती मराठीकडे परतलीच नाही. तमिळमध्येच म्हणाली, "डोकं तर माझंही रोज दुखतं, मॅम. रात्री झोपच लागत नाही." बोलता बोलता तिनं चपला काढल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत मांडी ठोकली. हात हलायला लागले, शब्द भराभर यायला लागले. ही कोण मुलगी? हेमलता बघतच राहिली. सहा आठवडे समोर बसलेली ती ही नव्हतीच.

"मेदुवा," हेमलता म्हणाली. "मेदुवा सोल्लु." सावकाश सांग.

हरिणीनं सावकाश सांगितलं. जिथे हेमलताला कळेना तिथे इंग्रजीत सांगितलं. सकाळी मैलापूरहून ती लोकलने निघते, तिरुवान्मियूरला उतरते. तिथून विद्यापीठाची बस असते. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकायचं तिच्याने होत नाही. फलाटावरच्या बाकावर बसून राहते, गाड्या येतात, जातात, डबा उघडावासा वाटत नाही. संध्याकाळ झाली की परत घरी. पुस्तक उघडलं तर एक ओळ चार-चारदा वाचावी लागते. कारण काही नाही, आणि तेच वाईट. मैत्रिणींची कुणाची भांडणं, कुणाचे बाप आजारी. आपल्याला काय धाड भरलीय, असं तिचं तिलाच वाटतं.

हेमलतानं विचारायचं ते सरळ विचारलं. जगू नये असं वाटतं का? हरिणी नखाशी चाळा करत राहिली. कधी कधी वाटतं, म्हणाली. काही केलं नाही, करायचं ठरवलंही नाही. पण गाडी लांबून यायला लागली की ती आता बाक घट्ट धरून बसते.

हेमलता उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिथून हलली नाही.

"हे मला आधी का नाही गं सांगितलंस?" ती मराठीत बोलून गेली आणि शेजारचे पाय आपोआप खाली सरकून चपला शोधायला लागलेले तिला दिसले.

हरिणी तमिळमध्येच म्हणाली, "मराठीत मला फक्त हो म्हणता येतं, मॅम. मराठीत अप्पांशी बोलायचं, आत्यांशी बोलायचं, देवाशी बोलायचं. मला नको, मला होत नाही, असं मी मराठीत कधी म्हटलंच नाही. दादाशीसुद्धा आम्ही भांडायचो ते गच्चीवर जाऊन, तमिळमध्ये. तुम्ही 'ये गं बाळा' म्हणता ना, की मी आपोआप ताठ होते. आणि तुम्ही तर अप्पांना ओळखता. मराठी लोक सगळे सगळ्यांना ओळखतात. तुम्हाला सांगितलं की मंडळात कळणार, मंडळात कळलं की आत्यांना."

हेमलताला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सहा आठवडे! सहा आठवडे ती या पोरीला कुशीत घेतेय असं समजून दर भेटीला तिच्या बापासमोर नेऊन उभी करत होती. वर शंकरपाळ्या. डीनचा राग होता, फुग्यांचा होता, पण त्या क्षणी सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला. हरिणीच्या वर्गातल्या कुठल्याही तमिळ पोरीनं हे एका दुपारी काढून घेतलं असतं.

पण चडफडत बसायला वेळ नव्हता. त्याच संध्याकाळी ती हरिणीला घेऊन ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेली. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, एकटीनं प्रवास नको म्हणाल्या, आणि घरच्यांना सांगायलाच हवं म्हणाल्या. हरिणीनं औषधाची चिठ्ठी चार घड्या करून दप्तरात ठेवली.

"सांगा," ती म्हणाली. "पण अप्पांना मराठीत सांगू नका. मराठीत सांगितलंत की ते मोठ्या आवाजात घराण्याचं काहीतरी बोलतील आणि मी हो म्हणेन."

शुक्रवारी तमिळमध्येच सांगते, असा हेमलतानं शब्द दिला. तिला घरापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणायलाही गेली.

शुक्रवारी बालाजीराव आले. पांढरा शुभ्र सदरा, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ. विमा कंपनीत मोठे अधिकारी, आणि चाल तशीच. डीनच्या केबिनमध्ये हेमलताला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"नमस्कार, बाई. तुम्हीं आमच्यांतल्या म्हणून मी निर्धास्त आहे. काय झालें, सांगा."

हेमलतानं घसा खाकरला. दोन दिवस शेअर ऑटोत बसून घोकलेली वाक्यं एकामागून एक पळून चालली होती. "सार, उंग पोण्णुक्कु उडंबु सरी इल्ल," ती म्हणाली. तुमच्या मुलीची तब्येत बरी नाही.

बालाजीराव गोंधळले. "मराठींत बोला ना, बाई."

ती तमिळमध्येच पुढे गेली. झोप नाही. जेवण नाही. रोज तिरुवान्मियूर स्टेशनवर बसते. डॉक्टरांनी तपासलंय, औषध चालू केलंय. निम्म्या वाक्यांना शेपूट नव्हतं, उरलेल्यांना डोकं नव्हतं. डीन कृष्णस्वामी हसू दाबायला उगाच चष्मा पुसत होते. हेमलताचे कान तापले, पण ती थांबली नाही.

"बाई, कृपा करा," बालाजीराव आता चिडले होते. "तुमचें तमिळ ऐकवत नाहीं. आणि हें सगळें चूक आहे. कॉलेजला म्हणून निघते ती स्टेशनांत बसेल? माझी लेक आम्हांस सगळें सांगते." ते मुलीकडे वळले. "हरिणी, सांग यांना. तुला कांहीं त्रास आहे का?"

हरिणीनं पाय जुळवले. "कांहीं नाहीं, अप्पा. बरां आहे."

"पाहा!" बालाजीराव म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," कृष्णस्वामी इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. "आजार नाही, तर सवलतही नाही. वर्ष पुन्हा करावं लागेल. मॅडम, तुम्हाला अकराला हास्ययोगाला जायचंय ना?"

तिथे हेमलताचा तोल गेला. तिनं टेबलावर असा हात आपटला की पेन उडून खाली पडलं. दिलेला शब्द, घोकलेलं तमिळ, सगळं बाजूला राहिलं आणि ती कराडच्या मराठीत कडाडली, "ती मराठीत दुसरं काही म्हणूच शकत नाही, साहेब! तुम्ही तिला तेवढंच शिकवलंय! मी पण सहा आठवडे तेच ऐकलं आणि मूर्खासारखं खरं मानलं. तिला तमिळमध्ये विचारा!"

"बाई, आमच्या घरांत..."

"हे तुमचं घर नाही! हे डीनचं ऑफिस आहे. इथे उंबरा कुठाय?"

बालाजीराव लालबुंद झाले. कृष्णस्वामींना शब्द कळत नव्हते, पण काहीतरी भलतंच चाललंय एवढं कळत होतं. ते कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत राहिले. हरिणी जमिनीकडे बघत होती आणि तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. बापाची नजर त्या बोटांवर गेली आणि तिथेच राहिली.

हा माणूस दिवसभर ऑफिसात तमिळ बोलणारा, मैलापूरच्या बाजारात तमिळमध्ये घासाघीस करणारा, संगीत सभेत शेजाऱ्याशी तमिळमध्ये हळूच कुजबुजणारा. सगळ्या जगाशी बोलत होता, एक पोटची पोर सोडून. ते खुर्चीवरून पुढे सरकले.

"एन्नम्मा आच्चु?" त्यांनी विचारलं. काय झालं गं?

आवाज वेगळाच होता. त्यात घराणं नव्हतं, साडेतीनशे वर्षं नव्हती. हरिणीनं मान वर केली. आणि ती बोलायला लागली. बाक, गाड्या, न उघडलेला डबा, चार-चारदा वाचलेली ओळ, सगळं. मध्येच रडली, मध्येच चिडली, "मला नाही होत, अप्पा," असं तमिळमध्ये ओरडलीसुद्धा. बालाजीराव मध्ये बोलले नाहीत. फक्त एकदा, गाड्यांचं आलं तेव्हा, त्यांनी हात पुढे करून तिची बोटं खुर्चीवरून सोडवली आणि स्वतःच्या हातात घेतली.

कृष्णस्वामींना आता प्रत्येक शब्द कळत होता. टेबलावरचा त्यांचा फोन दोनदा वाजला. फुग्यांत हवा भरणारा आला होता. त्यांनी फोन बंद करून खणात टाकला.

बोलणं संपलं तेव्हा बालाजीराव त्यांच्याकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "माझी मुलगी आजारी आहे. मी मान्य करतो. परीक्षेला बसू द्या. आणि तिला बसायचं नसेल, तर वर्ष गेलं तरी चालेल."

"बसायचंय," हरिणी नाक पुसत म्हणाली.

कृष्णस्वामींनी वाकून पेन शोधलं आणि परवानगी लिहून दिली. लिहिता लिहिता हेमलताला म्हणाले, "मातृभाषेचा उपयोग झालाच शेवटी. हे आपण वेलनेस वीकच्या अहवालात घालू या." तिनं उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर नोकरी गेली असती.

बापलेक निघाले. दोघं व्हरांड्याच्या टोकाला पोचले तेवढ्यात बालाजीराव हरिणीला थांबवून एकटेच मागे आले. हेमलताला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं खालचा ओठ चावून तयारी केली.

त्यांनी तिच्यासमोर येऊन चष्मा काढला, पुन्हा घातला.

"बाई," ते मराठीत म्हणाले, "ती इतकी बोलते म्हणून मला ठाऊकच नव्हतें."

"मलाही नव्हतं," हेमलता म्हणाली.